१९८३ ची जपानी टेलिकास्टर: स्टेजवर काहीही न्या, रेकॉर्डिंगला मात्र हीच

घरी गिब्सनची लेस पॉल गिटार आहे, फेंडरची एक स्ट्रॅटही (स्ट्रॅटोकास्टर) आहे, पण स्टुडिओचं बुकिंग झालं की मी उचलतो ती ही बटरस्कॉच रंगाची, काळ्या पिकगार्डची फेंडर जपान टेलिकास्टर इलेक्ट्रिक गिटार, मॉडेल टीएल५२-६५, सिरियल नंबर जेव्हीने सुरू होणारा. बरेच जण विचारत होते की एवढं काय आहे त्या फळकुटात, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकतो. आधीच सांगतो की हा रिव्ह्यू रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी आहे, बेडरूममध्ये एकट्याने वाजवून 'टोन कसाय' बघणाऱ्यांना ही गिटार पहिल्या पाच मिनिटांत आवडणारच नाही, कारण एकटी ऐकली तर ती बारीक वाटते, थोडी टोचतेही.

आधी ही चीज काय आहे ते. फेंडरची मूळ टेलिकास्टर १९५० ची, तेव्हा नाव होतं ब्रॉडकास्टर, पण ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम आधीच बाजारात होते, त्यांनी हरकत घेतली म्हणून १९५१ मध्ये नाव बदललं, आणि मधल्या काळात फेंडरवाल्यांनी लेबलवरचं 'ब्रॉडकास्टर' चक्क कापून टाकून गिटार विकल्या, आज त्यांना नोकास्टर म्हणतात आणि त्यांच्यासाठी कलेक्टर लोक घर गहाण टाकतील. पुढे १९६५ मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली, सत्तरच्या दशकात क्वालिटीची बोंब सुरू झाली आणि तिकडे जपानमध्ये टोकाई, ग्रेको वगैरे मंडळी पन्नास-साठच्या दशकातल्या मॉडेलच्या इतक्या तंतोतंत कॉप्या काढायला लागली की लोक खऱ्यापेक्षा त्या घेऊ लागले. मग फेंडरने काय केलं तर १९८२ मध्ये जपानमध्येच भागीदारीत कंपनी काढली आणि गिटार बनवायचं काम दिलं मात्सुमोतोच्या फुजीजेनला, म्हणजे जे आधी ग्रेको आणि आयबानेझ बनवत होते त्यांनाच! कॉपी करणाऱ्याच्याच हाती कारखाना दिला, आणि तो निर्णय बरोबर निघाला. जेव्ही म्हणजे जपानीज व्हिंटेज, ही सिरीज १९८२ ते ८४ एवढीच. मॉडेलमधला ५२ म्हणजे १९५२ सालची नक्कल आणि ६५ म्हणजे त्या वेळची किंमत, पासष्ट हजार येन. किंमत मॉडेल नंबरातच छापून ठेवायची ही जपान्यांची पद्धत मला फार आवडते, दुकानदाराला थापा मारायला जागाच नाही.

खरी १९५२ ची टेलिकास्टर आज घ्यायची तर ठाण्यात गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला गाडीचा विचार सोडून द्यावा लागेल, आणि तीही साधी गाडी नाही. त्या मानाने जेव्ही अजून माणसात आहे. माझी आली ती आतेभावाच्या कृपेने, तो नोकरीनिमित्त टोकियोत होता, तिथे ओचानोमिझु म्हणून एक भाग आहे जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती गिटारची दुकानं, तिथल्या एका सेकंडहँड दुकानातून त्याने घेतली आणि आणताना मागचे चार स्क्रू काढून नेक (म्हणजे दांडा) आणि बॉडी वेगळी करून, कपड्यांत गुंडाळून सूटकेसमधून आणली. टेलिकास्टरची नेक स्क्रूवर बसवलेली असते म्हणून हे जमतं, लेस पॉलची चिकटवलेली असते, तिथे हा उद्योग शक्यच नाही. दुसरी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे हिची नेक आणि फ्रेटबोर्ड (फ्रेट म्हणजे धातूच्या काड्या बसवलेली, बोटं टेकवायची पट्टी) एकाच मेपलचे, रोझवूड कुठेच नाही. जुन्या गिब्सन किंवा साठच्या दशकातल्या फेंडर बाहेरून आणायचा विचार असेल तर सांभाळून, ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) सगळ्यात कडक यादीत आहे, परमिटशिवाय सीमा ओलांडता येत नाही, कस्टमने अडवली की गिटारही जाते आणि डोक्याला शॉट वेगळाच.

आता मुद्द्याचं. रेकॉर्डिंगला हीच का?

नौपाड्यातल्या एका तळघरातल्या स्टुडिओत आम्ही बँडची चार गाणी केली, सगळी मराठी, रॉक, दोन गिटार, बेस, ड्रम आणि गळा फाडून गाणारा आमचा गायक. पहिल्या गाण्याला मी लेस पॉलने टेक दिले. कंट्रोल रूममध्ये बाकी सगळं बंद ठेवून नुसती गिटार ऐकली तर काय आवाज, जाडजूड, भिंतच. मग बेस आणि किक ड्रम चालू केला आणि सगळा चिखल. साउंडवाल्या पोराने खालचं काप, मधलं काप असं करत करत एवढं काही कापलं की शेवटी गिटारचं फक्त वरचं साल उरलं. त्याच पार्टला टेलीचा ब्रिज पिकअप लावला (पिकअप म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग, ब्रिज म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तो), अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब, निम्म्यावर आणला, तोच मायक्रोफोन, तीच जागा, आणि पहिल्याच टेकला तो पोरगा काचेपलीकडून म्हणाला, "दादा, ईक्यूला हातच लावला नाही मी." झालं. ते वाक्य म्हणजेच खरं तर हा रिव्ह्यू.

कारण समजून घ्यायचं तर ब्रिजपाशी बघा. टेलीचा मागचा पिकअप तिरका बसवलेला असतो, स्टीलच्या एका चपट्या ताटलीत टांगलेला, आणि पिकअपच्या बुडाला तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी प्लेट. या सगळ्यामुळे वरचा आणि मधला भाग पुढे येतो आणि बुडाचा भाग मुळातच कमी असतो, म्हणजे बेस आणि किकची जिथे मारामारी चालू असते तिथे ही जातच नाही, आपल्या जागेवर उभी राहते. वर पिकचा फटका, तो 'टक्' असा सुरुवातीचा आवाज, डिस्टॉर्शन असूनही स्वच्छ ऐकू येतो. मिसळीवर लिंबू पिळल्यावर जसं बाकीच्या चवी एकदम जागेवर येतात तसं काहीतरी मिक्समध्ये होतं. डबल ट्रॅक करा, म्हणजे तोच पार्ट दोनदा वाजवा, एक डावीकडे टोकाला, एक उजवीकडे टोकाला, मधली जागा गायकाला मोकळी, आणि स्पीकरमधून येतं ते प्रचंड मोठं. बारीक गिटारचा मोठा आवाज कसा येतो हे ज्याला पटत नसेल त्याने लेड झेपेलिनचा १९६९ चा पहिला अल्बम ऐकावा, त्यांचा गिटारिस्ट जिमी पेज म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लेस पॉल येते पण तो अल्बम मुख्यतः १९५९ च्या टेलिकास्टरवर वाजवलाय, गिटारिस्ट जेफ बेकने त्याला दिलेली. आणि १९७१ च्या चौथ्या अल्बममधला 'स्टेअरवे टू हेवन'चा तो जगप्रसिद्ध सोलो, जो प्रत्येक गिटार क्लासमधला प्रत्येक मुलगा शिकतो, तोही टेलीवरच. (जाता जाता, पेज आणि झेपेलिनचा गायक प्लांट १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले होते, हे आपल्याकडे कित्येक रॉकवाल्यांना माहीत नसतं.)

आणि जुनी गोष्ट नको असेल तर २०२५ च्या जानेवारीत नेरूळला डी. वाय. पाटीलमध्ये कोल्डप्लेसाठी अर्धं ठाणं आणि अख्खी नवी मुंबई लोटली होती, त्यांच्या गिटारिस्ट जॉनी बकलंडची ओळखच मुळी १९७२ च्या टेलिकास्टर थिनलाइनशी जोडलेली आहे. ती वेगळ्या जातीची टेली, दोन कॉइलच्या हमबकर पिकअपवाली, पण घराणं तेच.

नेक पिकअपबद्दल लोक वाईट बोलतात, मंद आहे, ब्लँकेट टाकल्यासारखा आहे वगैरे. मला तोच हळू गाण्यांत सगळ्यात जास्त आवडतो. त्यावर धातूचं झाकण असतं, वायर ब्रिजपेक्षा बारीक, आवाज गोल येतो, आणि व्हॉल्यूमचा नॉब सातवर आणून बोटांनी वाजवलं की आमच्या तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला जे वाजतं ते येतं, लोक विचारतात कुठला पेडल आहे, पेडल काही नाही. आणखी एक, मूळ १९५२ च्या वायरिंगमध्ये दोन्ही पिकअप एकत्र वाजायची सोयच नव्हती, स्विच पुढे टाकला की नेक पिकअप एका कपॅसिटरमधून जाऊन बेससारखा घुमायचा, ही पद्धत फेंडरने १९६७ च्या सुमारास बंद केली. माझ्या गिटारमध्ये कुणीतरी आधीच आजच्या पद्धतीचं वायरिंग करून ठेवलंय, कलेक्टरला हे बघून दुःख होईल, मला आनंद झाला, कारण स्विचची मधली पोझिशन, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र, रिदमला एक नंबर आहे आणि ओरिजिनल सोल्डर कपाटात ठेवून मला काय करायचंय.

आता त्रास. हम. म्हणजे गुणगुण, घरघर, काय म्हणाल ते. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची वायर, ती तारांचा आवाज उचलते तशी आजूबाजूच्या विजेचं ५० सायकलचं गुणगुणणंही उचलते. हमबकरमध्ये दोन कॉइल उलटसुलट असतात म्हणून ते एकमेकांत मिटतं, इथे ती सोय नाही, मधल्या पोझिशनलाही नाही, कारण जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये एकाचं वाइंडिंग उलटं करायची रीत नव्हती. आणि आपल्याकडच्या बिल्डिंगांचं अर्थिंग म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. घोडबंदर रोडवरच्या माझ्या घरी संध्याकाळी गेन वाढवला की गिटारआधी घरघरच ऐकू येते. यावर काय करता येतं ते सांगतो कारण हे कुणी नीट सांगत नाही. चोकवाली जुनी ट्यूबलाइट बंद करा. डिमरवरचे दिवे बंद. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मग गिटार गळ्यात घालून, आवाज चालू ठेवून, खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू गोल फिरा, एका दिशेला हम एकदम कमी होतो, तिथेच थांबा आणि फरशीवर टेप लावून खूण करा. नौपाड्याच्या स्टुडिओत माझी खूण अजून आहे, भिंतीकडे तोंड करून बसावं लागतं, शिक्षा केल्यासारखं, पण हम गायब. नॉइज गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं यंत्र) लावू नका, तो सूर विरत जातानाची शेपटी कापतो आणि या गिटारची अर्धी मजा त्या शेपटीतच आहे. दोन वाक्यांमधली शांत जागा नंतर सॉफ्टवेअरमध्ये हाताने साफ करा, वेळ जातो, जाऊ दे.

दुसरा त्रास ब्रिजची ती ताटली, जी टोन देते तीच जास्त गेनला शिट्टी मारते. स्टेजवर अ‍ॅम्पजवळ उभं राहिलात तर कानठळ्या. पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढतात, त्याने बराच फरक पडतो, माझ्या गिटारचं ते काम ठाण्यातल्याच एका ओळखीच्या काकांनी केलंय, गिटार दुरुस्तीच करतात, फार बोलत नाहीत, काम मात्र चोख. तरीही लाइव्हला मी लेस पॉलच नेतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

वाजवायला सोपी आहे का? नाही. फ्रेटबोर्डचा गोलवा सव्वासात इंची (त्या गोलाईची त्रिज्या), म्हणजे जुन्या पद्धतीचा, जास्त वळलेला, कॉर्ड धरायला हाताला मस्त पण बाराव्या फ्रेटच्या पुढे पूर्ण सुराचा बेंड मारायला (तार ताणून सूर चढवायला) गेलात तर तार वरच्या फ्रेटला टेकून सूर मरतो, त्यामुळे अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, थोडी जास्त ठेवावी लागते. फ्रेट बारीक. आजकालच्या चपट्या, जंबो फ्रेटच्या गिटारवर शिकलेल्या पोरांना हे अवघड जातं, आमचा दुसरा गिटारिस्ट अजूनही तिला हात लावत नाही. ब्रिजवर पितळेची तीनच सॅडल (तारा टेकायचे तुकडे), एका सॅडलवर दोन तारा, म्हणजे एका तारेचा सूर बरोबर लावला की शेजारणीचा थोडासा बिघडतो. रेकॉर्डिंगमध्ये मी सरळ त्या गाण्यातले कॉर्ड जिथे वाजणार तिथे ट्यून करतो, ओपनला ट्यूनर काय दाखवतो त्याकडे बघत नाही. सहा सॅडलवाला ब्रिज मिळतो, बसवताही येतो, पण पितळेच्या त्या जाड सॅडलचा जो ठणका आहे तो मला हवाय. बॉडीच्या कडा सरळ, बरगडीत रुततात, तासभर बसून टेक दिले की कळतं, बॉडीला पोटाकडून खाच द्यायची कल्पना फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटला आणली, तोवर वादकांनी तक्रारी करून झाल्या होत्या. केबल लावायच्या जॅकचा कप ढिला होऊन हातात येतो, हा टेलीचा जन्मजात रोग आहे, नवीन घ्या नाहीतर जुनी.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं कारण आपल्याकडे तीच खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि खाडीकडच्या नवी मुंबईत हवेत पाणीच असतं, तारा काही दिवसांत काळ्या पडतात, केसमध्ये बुरशीचा वास येतो आणि लाकूड दमट होऊन नेक जागची हलते. मग ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारा तिच्या आतला लोखंडी दांडा, फिरवायचा. आता गंमत अशी की जुन्या पद्धतीच्या टेलीत ट्रस रॉडचा नट नेकच्या खालच्या टोकाला, बॉडीच्या आत लपलेला, म्हणजे तारा सैल करा, नेकचे स्क्रू काढा, अर्धी चक्कर फिरवा, परत बसवा, तारा चढवा, बघा, आणि जमलं नसेल तर पुन्हा तेच. डिझाइन करणाऱ्याला मुंबईचा जुलै माहीत नव्हता एवढंच म्हणू शकतो. मी पाऊस सुरू झाल्यावर काही आठवडे जाऊ देतो, नेक एकदा काय हलायची ती हलू देतो आणि मगच सेटअप करतो, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि गिटार एसीच्या खोलीतून एकदम बाहेर काढायची नाही. एका बाबतीत मात्र जपानी जेव्ही आपल्या हवेला बरी पडते, माझ्या गिटारवर जाड पॉलीचा (प्लास्टिकसारख्या फिनिशचा) थर आहे. जुन्या नायट्रो लॅकरचे भक्त म्हणतात पॉलीने लाकूड श्वास घेत नाही, अहो पण ठाण्याच्या हवेत लाकडाने जेवढा कमी श्वास घेतला तेवढं बरंच आहे. नायट्रोवाल्या गिटार दमट हवेत चिकट होतात, हाताला लागतं ते.

अ‍ॅम्पबद्दल थोडक्यात. छोटा ट्यूब अ‍ॅम्प, पंधरा वॉटच्या आतबाहेरचा, जरा जोरात लावलेला, पुढे एसएम५७ मायक्रोफोन, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला, कारण बरोबर मध्यावर ठेवला तर टेलीचा वरचा भाग कान कापतो. सोबत डीआयची (अ‍ॅम्पशिवाय थेट गिटारमधून येणाऱ्या सिग्नलची) वेगळी लाइन घेऊन ठेवा म्हणजे नंतर पस्तावा झाला तर पुन्हा अ‍ॅम्पमधून काढता येतं. घरी करत असाल तर रात्री दहानंतर अ‍ॅम्पचा विषय सोडा, नियमही आहे आणि सोसायटीतले काकाही आहेत, शिवाय आमच्याकडे दिवसा मेट्रोच्या कामाची धडधड असायची, त्यामुळे घरचं सगळं डीआय आणि हेडफोनवर, आणि सांगायला हरकत नाही की चांगल्या सॉफ्टवेअरमधून टेलीचा ब्रिज पिकअप जेवढा खरा वाटतो तेवढी माझी दुसरी कुठलीच गिटार वाटत नाही.

मार्क द्यायचेच तर रेकॉर्डिंगला पाचपैकी पावणेपाच, स्टेजवर साडेतीन, दिसायला पाच, पावसाळ्यात दोन.

घ्यायची असेल तर काही गोष्टी. नुसता जेव्ही नंबर बघून हुरळू नका, चाळीस वर्षांत नेक एकीची आणि बॉडी दुसरीची असं भरपूर झालंय, विकणाऱ्याला नेक काढून आतले फोटो पाठवायला सांगा, चार स्क्रूंचं काम आहे, जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. कंट्रोल प्लेट उघडून पिकअपच्या वायरी बघा, बदललेले पिकअप असतील तर किंमत पडायला हवी, आणि या गिटारमध्ये पैसे तुम्ही पिकअप आणि ब्रिजसाठीच देताय. फ्रेट किती झिजलेत ते बघा, कारण मेपल फ्रेटबोर्डवर फ्रेट बदलायचे तर वरचं फिनिशही पुन्हा करावं लागतं, ते काम इथे करणारे कमी आणि महाग. डाग, पोपडे, सिगारेटचे चटके याची पर्वा करू नका, उलट तशी मिळाली तर स्वस्तात मिळेल. आणि जेव्ही नाहीच जमली तर त्यानंतरच्या ऐंशीच्या दशकातल्या जपानी टेलीही बघा, फेंडरने १९८५ मध्ये सीबीएसपासून सुटका करून घेतली तेव्हा कॅलिफोर्नियातला फुलर्टनचा जुना कारखाना त्या सौद्यात मिळालाच नव्हता, त्यामुळे मधला काही काळ कंपनी मुख्यतः या जपानी गिटारींवरच चालली होती, माल भरपूर आहे आणि भाव जेव्हीपेक्षा खाली. ऑनलाइन मागवण्याआधी धोबी तलावला किंवा जवळच्या कुठल्याही दुकानात जाऊन सव्वासात इंची नेकवाली एखादी गिटार अर्धा तास वाजवून बघा, तुमच्या बोटांना तो गोलवा चालत नसेल तर हे सगळं लिहिलेलं तुमच्या उपयोगाचं नाही, सरळ नवी घ्या.